हशा तिचा, प्रश्न त्याचे

आधी एक विनोद. शंभर वर्षांपूर्वीचा आहे, त्यामुळे हसू आलंच पाहिजे अशी सक्ती नाही.

रंगमंचावर एक तरुण आणि एक तरुणी. तो लाडात येऊन विचारतो, तुला प्रेम करायला आवडतं का? ती म्हणते, नाही. मुके घ्यायला? नाही. मग आवडतं तरी काय तुला? ती म्हणते, लँब चॉप्स. तो चाट पडतो. एवढीशी पोरगी तू, दोन मोठाले चॉप्स एकटे खाशील? ती म्हणते, "एकटे? छे, एकटे नाही. बटाट्यांबरोबर खाईन."

ती ग्रेसी ॲलन. तो जॉर्ज बर्न्स. अमेरिकेतल्या वॉडव्हिल थिएटरांत १९२६ च्या सुमारास या तुकड्यानं त्यांचं नशीब उघडलं. अल बोसबर्ग नावाच्या विनोदलेखकानं तो लिहिला होता आणि 'लँब चॉप्स' हेच त्यांच्या प्रवेशाचं नाव पडलं. आता पुन्हा एकदा वाचून बघा. हशाची वाक्यं सगळी तिच्याकडे. त्याच्याकडे काय, तर चार प्रश्न. कोणीही विचारले असते, असं वाटावं इतके साधे.

मला बोलायचंय ते या प्रश्न विचारणाऱ्याबद्दल. टाळ्या न घेणारा हा माणूस स्टेजवर नक्की काय करतो, हे समजून घ्यायचं तर बर्न्सचं आयुष्य बघावं. एक तर तो शंभर वर्षं जगला, त्यामुळे मालमसाला भरपूर आहे. दुसरं, त्याला स्वतःला विनोदी नट व्हायचं होतं आणि ते जमलं नाही.

आठ-नऊ प्रवेश, एक तिकीट

वॉडव्हिल म्हणजे नाटक नव्हे. कथा नाही, सुरुवात-मध्य-शेवट नाही. एका तिकिटात एकामागून एक आठ-नऊ वेगवेगळे 'ॲक्ट' बघायचे. कसरतवाले, शिकवलेले कुत्रे, गायिका, जादूगार, नाचणारी भावंडं, एखादी छोटी नाटिका, आणि विनोदी जोडी. आधी असले खेळ दारूच्या गुत्त्यांत, पुरुषांपुढे चालत. १८८० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये टोनी पास्टर आणि बोस्टनमध्ये बी. एफ. कीथ यांनी त्यातली दारू आणि अचकटविचकटपणा काढून टाकला आणि बायकापोरांना थिएटरात आणलं. गल्ला वाढला. कीथच्या थिएटरांत सोमवारचा पहिला खेळ मॅनेजर बारकाईनं बघे आणि न पटलेल्या ओळी काढायला लावी.

पुढे थिएटरांच्या साखळ्या झाल्या. त्यांना 'सर्किट' म्हणत. पूर्वेकडे कीथ-आल्बी, पश्चिमेकडे ऑर्फियम. एकदा सर्किटचा करार झाला की कलाकारानं ट्रंक उचलायची आणि गावोगाव फिरायचं. दिवसाला दोन खेळ असतील तर ती 'बिग टाइम', म्हणजे वरची श्रेणी. तीन, चार, पाच खेळ करायला लागत असतील तर 'स्मॉल टाइम'. सगळ्यांची नजर एकाच जागेवर असे: न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवर १९१३ साली उघडलेलं पॅलेस थिएटर.

कार्यक्रमाचा क्रमही ठरीव असे. पहिला प्रवेश बहुधा मुका, म्हणजे कसरतीचा नाहीतर जनावरांचा, कारण लोक अजून खुर्च्या शोधत असायचे आणि तेव्हा बोलणाऱ्याचं कोण ऐकणार! सगळ्यांत मानाची जागा शेवटून दुसरी. शेवटच्या प्रवेशाला अर्धं थिएटर टोप्या घालून निघालेलं असायचं.

या व्यवस्थेत दोन माणसांच्या विनोदी प्रवेशाला एवढी मागणी का होती? त्याचं एक कारण कलेचं नाहीच, सुतारकामाचं आहे. नाटिकेचं नेपथ्य काढून पुढच्याचं लावायला वेळ लागे. तेवढा वेळ पडदा पाडून त्याच्यापुढच्या चिंचोळ्या पट्टीत कोणीतरी लोकांना गुंतवून ठेवायला हवं. त्या पट्टीला धंद्याच्या बोलीत 'वन' म्हणत. दोन माणसं, मागे रस्त्याचं चित्र रंगवलेला पडदा, सामान काही नाही. पंधरा-सतरा मिनिटं बोलत राहायचं आणि पडद्यामागच्या ठाकठुकीपेक्षा मोठा हशा काढायचा. आपल्या तमाशातली बतावणी पाहिलेल्यांना हे चित्र परकं वाटणार नाही. तिथंही एकजण शहाण्यासारखा विचारतो आणि सोंगाड्या त्या शहाणपणाच्या चिंध्या करतो.

जोडीतल्या शहाण्याला अमेरिकेत 'स्ट्रेट मॅन' म्हणत, दुसऱ्याला 'कॉमिक'. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की सगळं काम कॉमिकचं, स्ट्रेट मॅन म्हणजे भिंत, चेंडू आपटायला. धंद्यातल्या लोकांना तसं वाटत नसे. बऱ्याच जोड्यांत स्ट्रेट मॅनला जास्त पैसे मिळत. ॲबट आणि कॉस्टेलो या पुढे गाजलेल्या जोडीतही सुरुवातीला साठ टक्के वाटा स्ट्रेट मॅन ॲबटचा होता. चांगला कॉमिक मिळतो, चांगला स्ट्रेट मॅन मिळत नाही, अशी समजूतच होती.

ती का होती, ते माईक नसलेल्या थिएटरात स्वतःला उभं करून बघितलं की कळतं. शेवटच्या बाल्कनीतल्या माणसाला प्रश्न स्पष्ट ऐकू गेला नाही तर उत्तर फुकट. म्हणून स्ट्रेट मॅन कॉमिकचं वाक्य पुन्हा उच्चारतो: "तुझा भाऊ? तुरुंगात?" ऐकणाऱ्याला तो आश्चर्याचा उद्गार वाटतो. खरं तर ती मागच्या रांगांसाठी केलेली सोय असते आणि पुढच्या विनोदाची पायाभरणीही. हशा आला की थांबायचं. किती थांबायचं? तो पूर्ण विरेपर्यंत थांबलात तर प्रवेश थंड पडतो. आधीच बोललात तर पुढचं वाक्य हशात बुडतं. हशा उतरणीला लागलेला, पण अजून संपलेला नाही, त्या क्षणी पुढचा प्रश्न यायला हवा. तो क्षण रोज वेगळा, गाव बदललं की वेगळा, दुपारचा वेगळा, रात्रीचा वेगळा. ते ओळखायचं काम स्ट्रेट मॅनचं.

नेथन बर्नबॉमची वीस वर्षं

बर्न्सचं खरं नाव नेथन बर्नबॉम. जन्म २० जानेवारी १८९६, न्यूयॉर्क. पूर्व युरोपातून आलेलं ज्यू कुटुंब, बारा भावंडं, त्यातला हा नववा. वडील सिनॅगॉगमध्ये प्रार्थना गात, तेही बदली म्हणून, म्हणजे नेहमीचा गाणारा नसेल तेव्हा. १९०३ मध्ये फ्लूच्या साथीत ते गेले. सात वर्षांचा नेथन एका मिठाईच्या दुकानाच्या तळघरात सिरप बनवायच्या कामाला लागला. सोबत आणखी पोरं होती. काम करता करता ती गायला लागली आणि त्यातून 'पी-वी क्वार्टेट' नावाची चौकडी निघाली. फेरीबोटीवर गायचं, गुत्त्यात गायचं, रस्त्याच्या कोपऱ्यावर गायचं आणि टोपी फिरवायची. बर्न्स पुढे सांगे की कधी लोक टोपीत पैसे टाकत, कधी टोपीतले पैसे घेऊन जात, तर कधी टोपीच घेऊन जात.

(बर्न्सच्या आठवणी वाचताना एक पथ्य पाळावं. हा माणूस आठवणसुद्धा प्रवेशासारखी घासूनपुसून सांगतो. गाभा खरा असतो, वरची फोडणी त्याची.)

त्यानंतरची वीसेक वर्षं अपयशाची आहेत, आणि मला वाटतं हाच त्याच्या चरित्रातला सगळ्यांत कामाचा भाग आहे. तो गायला, नाचला, स्केटिंग केलं, शिकवलेल्या सीलबरोबरही काम केल्याचं सांगे. नावं तर इतकी बदलली की त्यालाही सगळी आठवत नसत. कारण सोपं होतं: एका नावानं पडलेल्या माणसाला मॅनेजर पुन्हा काम देत नसे, म्हणून नवं नाव घ्यायचं. एका नाचातल्या जोडीदारणीबरोबर त्यानं लग्नसुद्धा केलं, कारण दौरा सव्वीस आठवड्यांचा होता आणि तिचे आईवडील लग्नाशिवाय तिला पाठवायला तयार नव्हते. दौरा संपला, लग्नही संपलं.

या काळात त्यानं विंगेत उभं राहून शेकडो प्रवेश पाहिले. बहुतेक त्याच्या प्रवेशापेक्षा चांगले होते. त्यांचा हशा कुठे येतो, कुठे अडतो, हे तो टिपत राहिला. या शिकण्याला तेव्हा काही मोल नव्हतं.

पहिल्याच खेळात उलटलेली जोडी

ग्रेसी ॲलन सॅन फ्रान्सिस्कोची. आयरिश कॅथलिक घर, वडील गाण्यानाचण्याचे खेळ करणारे, बहिणी नाचात तरबेज. लहानपणी उकळतं काही अंगावर सांडून हात भाजला होता, त्याचे व्रण राहिले, म्हणून स्टेजवर ती कायम लांब बाह्या घाले. एक डोळा निळा, दुसरा हिरवा. वाढदिवस २६ जुलै हे नक्की, साल मात्र तिनं कधी धड सांगितलं नाही. १८९५ पासून १९०६ पर्यंत काहीही छापलेलं सापडतं. तिची एक प्रसिद्ध गोष्ट आहे. तिनं सांगितलं की आपला जन्म १९०६ चा, पण दाखला सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपात नष्ट झाला. कोणीतरी म्हणालं, अहो, भूकंप तर एप्रिलमध्ये झाला, तुमचा जन्म जुलैचा. त्यावर तिचं उत्तर: "भूकंप फारच मोठा होता ना!"

आधी ती एका दुसऱ्या मंडळीत काम करत होती. जाहिरातीत आपलं नाव येत नाही म्हणून तिनं ती सोडली. हे लक्षात असू द्या: वॉडव्हिलमध्ये पोस्टरवर कोणाचं नाव, कोणाच्या आधी, किती मोठ्या टायपात, यावरून जन्माची भांडणं होत. काम सुटल्यावर ती स्टेनोग्राफी शिकू लागली. अशात १९२२-२३ च्या सुमारास न्यू जर्सीत तिची आणि बर्न्सची गाठ पडली. त्याचा तेव्हाचा जोडीदार सोडून चालला होता. दोघांनी एकत्र प्रवेश करायचं ठरवलं.

प्रवेश बर्न्सनं बसवला, अर्थात स्वतःला कॉमिक ठेवून. कपडे विनोदी, वाक्यं विनोदी. ग्रेसीकडे साधे प्रश्न. पहिल्या खेळात काय झालं हे त्यानं आयुष्यभर सांगितलं: लोक तिच्या प्रश्नांना हसले, त्याच्या उत्तरांना हसले नाहीत.

एखाद्यानं प्रेक्षकांना नावं ठेवली असती. बर्न्सनं पुढच्या खेळांसाठी विनोद एकेक करून तिच्याकडे सरकवले आणि प्रश्न स्वतःकडे घेतले. वीस वर्षं कॉमिक व्हायची धडपड केलेल्या माणसानं काही खेळांत ते सोडून दिलं. यात त्याग बघणारे बघोत. मला त्यात धंद्याचा कान दिसतो. हशा कुठे आहे हे त्याला ऐकू आलं आणि जिथे हशा तिथे त्यानं वाक्यं पाठवली. जोडीचं नाव मात्र तसंच राहिलं, 'बर्न्स अँड ॲलन'. त्याचं आधी.

पहिली काही वर्षं चणचणीची होती. ते 'डिसअपॉइंटमेंट ॲक्ट' म्हणून काम करत: कुठे कोणी आजारी पडलं, गाडी चुकली, की ऐनवेळी फोन यायचा आणि बॅग उचलून धावायचं. ग्रेसीचं दुसऱ्याच एकाशी लग्न ठरल्यासारखं होतं. बर्न्सनं बरीच मनधरणी केली आणि ७ जानेवारी १९२६ रोजी क्लीव्हलँडमध्ये दोघांचं लग्न झालं. त्याच सुमारास 'लँब चॉप्स'च्या जोरावर कीथ सर्किटचा अनेक वर्षांचा करार मिळाला.

वेडेपणाचं व्याकरण

तेव्हा वॉडव्हिलमध्ये 'डंब डोरा' नावाचा ठोकळा होता. देखणी, बावळट पोरगी. शहाणा पुरुष तिला काही विचारतो, ती मूर्खासारखं बोलते, लोक तिला हसतात. ग्रेसीचं पात्र वरवर त्याच ठोकळ्यातलं, पण आतली घडण वेगळी होती.

ती सांगते, माझ्या बहिणीला बाळ झालं. तो विचारतो, मुलगा की मुलगी? ती म्हणते, अजून कळलं नाही, आणि मी मावशी झाले की मामा, हे कळायची मला केवढी घाई झालीय!

आता हे उत्तर उघडून बघा. बाळाचं मुलगा-मुलगी ठरायचंय, त्यावरून नात्याचं नाव ठरतं, नात्याच्या नावात मावशी आणि मामा असे दोन पर्याय असतात. प्रत्येक पायरी बरोबर आहे. फक्त एका ठिकाणी, कोणाचं मुलगा-मुलगीपण, हे तिनं सहज दुसरीकडे नेऊन ठेवलं. बर्न्स याला तर्कहीन तर्क म्हणत असे. ती मूर्ख नाही. तिचं जग आतून अगदी सुसंगत आहे, आपल्या जगाशी ते एका बोल्टनं हललेलं आहे एवढंच. ती कधी विनोद करतेय असं दाखवत नाही, डोळे मिचकावत नाही. उलट समोरच्याला एवढी साधी गोष्ट कळत नाही याची तिला दया येते.

म्हणूनच तिला स्ट्रेट मॅन लागतो. तिच्या बाजूला कोणीच नसेल तर ती फक्त विचित्र बोलणारी बाई. बर्न्स उभा राहिला की मोजायला पट्टी मिळते. तो प्रेक्षकांच्या बाजूचा माणूस: जे आपण विचारू तेच विचारतो, जिथे आपण अडखळू तिथेच अडखळतो. आणि इतर जोड्यांतल्या स्ट्रेट मॅनसारखा तो तिच्यावर डाफरत नाही. डाफरला तर हसू कडू होईल हे त्यानं ओळखलं होतं. प्रेक्षकांचा तिच्यावर इतका जीव जडला होता की स्टेजवर वारा कुठून येतो हे तो खेळाआधी बघून ठेवी. आपल्या सिगारचा धूर तिच्या तोंडावर गेला तर लोक आपला तिरस्कार करतील, असं तो म्हणे.

ती सिगार हे त्याचं हत्यारच होतं. हशा आला की झुरका घ्यायचा. हशा उतरू लागला की सिगार तोंडातून काढायची आणि विचारायचं. नुसतं गप्प उभं राहणारा माणूस ओळी विसरल्यासारखा दिसतो. सिगार ओढणारा माणूस विचार करताना दिसतो. तो साध्या, स्वस्त सिगार वापरी. महागड्या हवाना सिगार स्टेजवर विझतात, या विझत नाहीत, असं त्याचं म्हणणं.

घरी आल्यावर कामाची वाटणी बदलायची. शब्दांचं खातं त्याचं: लिहिणं, लेखकांकडून लिहून घेणं, तोडणं, जोडणं. तिचं काम पाठ करणं आणि ते खरं वाटायला लावणं. बर्न्स मुलाखतींत नेहमी म्हणायचा की सगळी प्रतिभा ग्रेसीची, मी बाजूला उभा होतो. लोकांनी ते विनय म्हणून ऐकलं आणि खरं मानून टाकलं. माझ्या मते त्याचं अर्धंच खरं आहे. तिच्याशिवाय तो चालला नसता हे नक्की. पण ते बोलणं तिला घरबसल्या सुचत नव्हतं. खासगीत ती शांत, हुशार, घर नेटकं ठेवणारी बाई होती, आणि रंगमंचावरच्या ग्रेसीशी तिचा फारसा संबंध नव्हता.

सतरा मिनिटं पुरेनाशी झाली

वॉडव्हिल का मेलं, याचं नेहमीचं उत्तर म्हणजे बोलपट आणि रेडिओ. उत्तर बरोबर आहे. १९२७ नंतर बोलपट आले, मंदी आली, आणि नोव्हेंबर १९३२ मध्ये खुद्द पॅलेसनं वॉडव्हिल बंद करून नुसते सिनेमे दाखवायला सुरुवात केली. पण विनोदी जोड्यांच्या दृष्टीनं आणखी एक गोष्ट घडली, आणि ती हिशेबाची होती.

वॉडव्हिलमध्ये चांगली सतरा मिनिटं तुमच्याकडे असतील तर ती वर्षानुवर्षं पुरत. देश एवढा मोठा की पुन्हा त्याच गावात यायला कितीतरी दिवस लागत. शिवाय लोकांना तोच प्रवेश पुन्हा बघायला आवडे, आपल्याकडे नाट्यसंगीताला वन्स मोअर मिळे तसं. रेडिओवर तीच सतरा मिनिटं एका रात्रीत साऱ्या देशानं ऐकली. पुढच्या आठवड्यात नवी हवीत. आयुष्यभर एकाच प्रवेशावर पोट भरलेले कितीतरी लोक इथे बसले ते उठलेच नाहीत.

बर्न्सला हे बदलणं जमलं, कारण तो मुळात लिहिणाऱ्या बाजूचा होता. १९२९ मध्ये त्यांनी एक छोटा बोलपट केला, दुसरा नट ऐनवेळी आला नाही म्हणून. म्हणजे तिथेही डिसअपॉइंटमेंट ॲक्टच! दोघं दिवाणखान्याच्या सेटवर येतात आणि प्रेक्षक कुठे आहेत ते शोधत फिरतात. शेवटी त्यांना कॅमेरा सापडतो. त्याच वर्षी लंडनला बीबीसीवर काम केलं. मग अमेरिकेत एडी कँटरनं १९३१ मध्ये आपल्या रेडिओ कार्यक्रमात बोलावलं, तेही एकट्या ग्रेसीला. बर्न्स राजी झाला, अट एवढीच की मजकूर आपला. मग कँटरनं बर्न्सचे प्रश्न विचारले आणि ग्रेसीनं उत्तरं दिली. लोकांना आवडलं. १९३२ पासून दोघंही रेडिओवर नियमित झाली.

रेडिओच्या काळातले दोन उद्योग सांगितलेच पाहिजेत. १९३३ मध्ये ग्रेसीनं जाहीर केलं की आपला भाऊ हरवलाय, आणि दुसऱ्यांच्या कार्यक्रमांत अवचित शिरून ती त्याला शोधू लागली. देशभर विषय झाला. खरा भाऊ बिचारा हिशेबनीस होता, त्याला या प्रसिद्धीपायी काही काळ तोंड लपवावं लागलं. दुसरा उद्योग १९४० चा: ती राष्ट्राध्यक्षपदाला उभी राहिली. पक्षाचं नाव 'सरप्राइज पार्टी', चिन्ह कांगारू. ओमाहा शहरात अधिवेशन भरवलं, त्यासाठी रेल्वेनं प्रचारदौरा काढला, आणि गंमत म्हणून का होईना काही मतं पडलीही.

याच सुमारास लोक त्यांचा कार्यक्रम कमी ऐकू लागले. का, ते लेखकांना कळेना. बर्न्सला उलगडलं: आपले विनोद अजून लाडीगोडी करणाऱ्या तरुण जोडप्याचे आहेत आणि साऱ्या देशाला माहीत आहे की आपलं लग्न होऊन दोन मुलं झालीत. वय झालं होतं ते माणसांचं नव्हे, विनोदाचं. मग रेडिओवरही ती दोघं नवरा-बायको झाली आणि गाडी रुळावर आली.

दिवाणखान्यातला टीव्ही

१९५० च्या ऑक्टोबरमध्ये सीबीएसवर त्यांचा टीव्ही कार्यक्रम सुरू झाला, तो आठ वर्षं चालला, २९१ भाग. आज इंटरनेटवर त्यातले बरेच बघायला मिळतात. मी बघायला बसतो ते ग्रेसीसाठी आणि दर वेळी बर्न्सकडे बघत राहतो.

त्यानं काय केलं, तर स्ट्रेट मॅनला सेटच्या बाहेर काढलं. आत गोंधळ चाललेला असतो, हा हळूच बाहेर येतो, सिगार ओढत प्रेक्षकांशी गप्पा मारतो, पुढे काय होणार ते सांगतो आणि परत आत जाऊन काही माहीत नसल्यासारखा विचारतो. पुढे तर त्याच्या खोलीत एक टीव्ही आला, ज्यावर तो स्वतःचाच कार्यक्रम बघून बाकीची मंडळी काय कट करताहेत ते जाणून घेई. वॉडव्हिलमध्ये पडद्यापुढच्या चिंचोळ्या पट्टीत उभं राहायची सवय होती. टीव्हीवर त्यानं ती पट्टी पुन्हा तयार केली.

१९५३ मध्ये शेजाऱ्याचं काम करणारा नट सोडून चालला होता. शेजारीण नवऱ्याच्या डोक्यात मारायला वस्तू उगारून उभी आहे, तेवढ्यात बर्न्स आत येतो, प्रवेश थांबवतो, हा नट चालला आणि हा नवा आला असं सरळ सांगतो, दोघांची ओळख करून देतो. मग म्हणतो, चालू द्या. शेजारीण नव्या नवऱ्याच्या डोक्यात वस्तू हाणते.

शेवटी तो म्हणायचा, "से गुड नाइट, ग्रेसी." ती "गुड नाइट, ग्रेसी" असं उत्तर द्यायची, ही गोष्ट सगळीकडे सांगतात. ती खरी नाही. ती नुसतं "गुड नाइट" म्हणायची.

ग्रेसीवरचा ताण मात्र वाढत होता. साध्या संवादात एका वाक्यावरून पुढचं आठवतं, कारण त्यात अर्थाची साखळी असते. तिच्या वाक्यांतली साखळी मुद्दाम तोडलेली. ती पाठ करायची तर नुसत्या घोकंपट्टीनं, दर आठवड्याला नवी. अर्धशिशीचा जुना त्रास होता, हृदयही कमजोर झालेलं. १९५८ मध्ये ती निवृत्त झाली. बर्न्सनं बाकीची मंडळी तीच ठेवून एकट्याचा कार्यक्रम काढला. तो वर्षभरात बंद पडला. मग क्लबांत कॅरल चॅनिंगसारख्या वेगवेगळ्या अभिनेत्रींना जोडीला घेऊन त्यानं प्रवेश केले. प्रश्न तेच होते, विचारणाराही तोच होता.

२७ ऑगस्ट १९६४ ला ग्रेसी हृदयविकारानं गेली. तो दर महिन्याला कबरीवर जाई आणि काय चाललंय ते तिला सांगे.

पुढची दहा वर्षं तशी विस्मरणाची. मग त्याचा जिवलग मित्र जॅक बेनी १९७४ च्या डिसेंबरमध्ये वारला, आणि बेनीनं करायची भूमिका बर्न्सकडे आली. नाटककार नील सायमनच्या 'द सनशाइन बॉइज' या चित्रपटातली, जन्मभर एकत्र काम करून एकमेकांचं तोंड बघणं सोडलेल्या दोन म्हाताऱ्या वॉडव्हिल नटांपैकी एकाची. दुसरा वॉल्टर मॅथाऊ. मॅथाऊचा म्हातारा थयथयाट करतो, बर्न्सचा शांतपणे उभा राहतो आणि बोलायच्या क्षणी बोलतो. त्यासाठी त्याला १९७६ मध्ये ऐंशीव्या वर्षी सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. त्यानंतर पडद्यावर तो देवही झाला, चष्मा आणि टोपी घातलेला.

शंभरी गाठून ९ मार्च १९९६ ला तो गेला. कॅलिफोर्नियात ग्लेंडेलच्या फॉरेस्ट लॉन दफनभूमीत ग्रेसीशेजारी त्याला ठेवलं, कोटाच्या खिशात तीन सिगार देऊन. तिच्या कबरीवरचा दगड बदलला. नव्या दगडावर दोघांची नावं आहेत आणि खाली 'पुन्हा एकत्र' अशा अर्थाची ओळ. पस्तीसेक वर्षं पोस्टरवर, रेडिओवर, टीव्हीवर 'बर्न्स अँड ॲलन' होतं. दगडावर त्याच्या इच्छेप्रमाणे आधी ग्रेसी ॲलन आहे, मग जॉर्ज बर्न्स.